विजेने उजळलेली वाट : जिम थॉर्प

शाळेच्या क्रीडामहोत्सवात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. शंभर मीटर धावण्यात जो वाऱ्यासारखा पुढे जातो, तो गोळाफेकीच्या वर्तुळात उभा राहिला की बहुधा मागे पडतो. आणि ज्याच्या भरदार खांद्यांच्या जोरावर गोळा दूर जाऊन पडतो, त्याची दीड हजार मीटरच्या शेवटच्या फेरीत दमछाक होते. चपळाई, बळ आणि दम हे तिन्ही गुण एका देही क्वचितच नांदतात. ते ज्याच्या ठायी नांदतात त्याचा शोध घेणारी स्पर्धा म्हणजे डेकॅथलॉन. १००, ४०० व १५०० मीटर धावणे, ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, लांब उडी, उंच उडी, बांबूच्या आधाराने घ्यावयाची उडी, गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक असे दहा खेळ एकाच स्पर्धकाने खेळावयाचे, प्रत्येक खेळातील कामगिरीला ठरीव कोष्टकाप्रमाणे गुण मिळावयाचे, आणि बेरीज ज्याची अधिक तो विजयी. आपल्या वार्षिक परीक्षेचाच हा प्रकार म्हणा ना. एका विषयात पैकीच्या पैकी मिळवून दुसऱ्यातील भोपळा झाकता येत नाही. स्त्रियांसाठी याच धर्तीवर सात खेळांची हेप्टॅथलॉन असते. आपल्या तेलंगणाच्या नंदिनी अगसरा हिने २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात कांस्यपदक मिळविले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेलच. युरोपातील राष्ट्रांनी तर १९७३ पासून या एकट्याच्या कसोटीचीही सांघिक स्पर्धा केली. एका देशाच्या अनेक खेळाडूंचे गुण एकत्र करून देशादेशांत चढाओढ लावली.

या खेळाचा पहिला महापुरुष कोण, असे विचारले तर जगातील बहुतेक जाणकार एकच नाव घेतील. तो एका आदिवासी जमातीचा मुलगा होता, आणि त्याची कथा आपल्या या मुलुखातील मुलांनी मुद्दाम वाचावी असे मला वाटते.

जिम थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास, आज ओक्लाहोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील प्रदेशात झाला. त्याची जमात साक आणि फॉक्स. आईवडील दोघांच्याही रक्तात मूळ अमेरिकन आणि युरोपीय यांचे मिश्रण होते. परंतु मुलगा वाढला तो जमातीच्या चालीरीतींत. जमातीच्या भाषेत त्याचे नाव होते वा-थो-हक. विजेच्या लखलखाटाने उजळलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगतात. तो चार वर्षांचा असेल-नसेल तोच, १८९१ मध्ये, सरकारने जमातीच्या कुटुंबांना थोडेथोडे तुकडे वाटून देऊन उरलेली सारी जमीन बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांना खुली केली. जमीन हातची जाणे म्हणजे काय, हे इंद्रवेल्लीच्या वाचकांस मी सांगावे असे नाही.

जिमला एक जुळा भाऊ होता, चार्ली. दोघे एकत्र हिंडत, घोडी पकडीत, रानात शिकार करीत. नवव्या वर्षाच्या सुमारास चार्ली न्यूमोनियाने गेला आणि जिमचे शाळेवरचे लक्ष उडाले ते उडालेच. तो वरचेवर शाळेतून पळून घरी येई. वडील चिडून त्याला परत पोहोचवीत, तो पुन्हा पळे. शेवटी पळून येता येणार नाही इतक्या दूरच्या शाळेत घालावे म्हणून त्याची रवानगी कॅन्सस राज्यात झाली. मधल्या काळात आई वारली. पुढे १९०४ साली तो पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथील वसतिशाळेत दाखल झाला, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत वडीलही गेले.

या कार्लाइल शाळेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली जुन्या लष्करी बराकींत ती स्थापन केली. मूळ अमेरिकन मुलांना त्यांच्या जमातीपासून दूर आणून संपूर्णपणे गोऱ्या समाजाच्या साच्यात घालावयाचे, हा तिचा उघड हेतू होता. मूल आले की त्याचे लांब केस कापीत, अंगावर गणवेश चढवीत, नवे इंग्रजी नाव देत आणि मातृभाषेत बोलण्यास बंदी करीत. अर्धा दिवस शिक्षण, अर्धा दिवस काम, आणि चालणे-उठणे सारे लष्करी शिस्तीत. घरापासून शेकडो कोसांवर आजारी पडून तेथेच मरण पावलेल्या मुलांची दफनभूमी त्या आवारात होती. मी स्वतः घरी कोंकणी बोलत वाढलो आणि शाळेत मराठी शिकलो. पण घरची भाषा बोललो म्हणून शिक्षा झाल्याचे मला आठवत नाही. घरी गोंडी किंवा कोलामी बोलून शाळेत मराठीची पाटी घेणारी मुले माझ्या समोर रोज बसतात. त्यांच्याकडे पाहताना कार्लाइलची आठवण होऊन मन अस्वस्थ होते. आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ च्या सुमारास हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे आणि गोंड मुलांना आरंभी गोंडीतूनच शिकविण्याचे काम सुरू झाले, हे आठवले म्हणजे मग थोडे बरे वाटते.

अशा त्या शाळेत १९०७ च्या वसंतात एक गोष्ट घडली. मैदानावर काही मुले उंच उडीचा सराव करीत होती आणि आडवी काठी कोणालाच ओलांडता येत नव्हती. कामाच्या जाड्याभरड्या कपड्यांत तेथून चाललेला जिम थांबला, त्याने आपणही पाहू का म्हणून विचारले आणि पहिल्याच उडीत पाच फूट नऊ इंचांवरची काठी ओलांडून तो आपल्या वाटेने निघून गेला. शाळेचे क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानावर हे गेले व त्यांनी त्याला बोलावून घेतले. पुढे त्याची कीर्ती पसरली ती मात्र प्रथम फुटबॉलमुळे. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू काखेत घेऊन प्रतिपक्षाच्या भिंतीवर चाल करून जाण्याचा तो अमेरिकन खेळ. १९११ साली कार्लाइलच्या या मुलांनी नामांकित हार्वर्ड विद्यापीठाला १८ विरुद्ध १५ असे हरविले, आणि त्यात सिंहाचा वाटा जिमचा होता. पुढल्या वर्षी त्यांनी लष्करी विद्यालयाच्या संघाला २७ विरुद्ध ६ असे लोळविले. त्या पराभूत संघात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण खेळत होता, तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९१२ च्या जुलैत स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. त्यात दोन संयुक्त स्पर्धा होत्या : पाच खेळांची पेंटॅथलॉन आणि, ऑलिंपिकमध्ये प्रथमच या स्वरूपात, दहा खेळांची डेकॅथलॉन. जिमने दोहोंत भाग घेतला. पेंटॅथलॉनच्या पाचांपैकी चार खेळांत तो पहिला आला. भालाफेकीत तेवढा तिसरा. डेकॅथलॉन १३ ते १५ जुलै अशी तीन दिवस चालली. त्या काळचे त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात दोन पायांत दोन वेगळ्या जातीचे बूट आहेत आणि मोजेही जोडीचे नाहीत. त्याचे बूट चोरीस गेले आणि ऐन वेळी मिळाले ते चढवून तो मैदानात उतरला, अशी हकीकत सांगतात. गोळाफेक, उंच उडी, अडथळ्यांची शर्यत आणि १५०० मीटर धावणे या चारांत तो पहिला आला; उरलेल्या सहांत तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाच्या खाली एकदाही गेला नाही. उंच उडीत त्याने १.८७ मीटर ओलांडले, अडथळ्यांची शर्यत १५.६ सेकंदांत संपविली, आणि नऊ खेळांचा शीण अंगावर असताना शेवटचे १५०० मीटर ४ मिनिटे ४०.१ सेकंदांत तोडले. एकूण गुण ८४१२.९५५. दुसरा आलेला स्वीडनचा ह्युगो विस्लँडर त्याच्या सुमारे ६८८ गुणांनी मागे होता. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी स्वहस्ते गौरव करताना त्याला जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हटले, अशी कथा रूढ आहे. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली. मौज अशी की, ज्या देशासाठी तो जिंकला त्या देशाने सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व दिले ते १९२४ साली.

आनंद सहा महिने टिकला. १९१३ च्या जानेवारीत एका वृत्तपत्राने बातमी दिली की, थॉर्प १९०९ व १९१० साली नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. खेळाचा एक पैसा घेतला तरी मनुष्य बाद. उन्हाळ्याच्या सुटीत असे खेळून चार पैसे मिळविणारे महाविद्यालयीन तरुण तेव्हा कितीतरी होते. ते खोटे नाव लावून खेळत. जिम स्वतःच्या नावाने खेळला. त्याने पत्र लिहून सारे कबूल केले, आपण एक अजाण विद्यार्थी होतो व नियमांची आपल्याला जाण नव्हती असे कळविले. उपयोग झाला नाही. पदके व चषक परत मागविण्यात आले, नोंदीतून नाव खोडण्यात आले आणि पदके विस्लँडर व नॉर्वेचा फर्डिनांड बी यांच्याकडे धाडण्यात आली.

येथे निःपक्षपातीपणे बोलले पाहिजे. नियम होता आणि जिमने तो मोडला होता, यात शंका नाही. आवडत्या माणसाची चूक झाकणारा चरित्रकार मला पसंत नाही. परंतु त्याच सामन्यांच्या नियमावलीत आणखी एक कलम होते : कोणाच्या पात्रतेविषयी तक्रार असल्यास ती सामने संपल्यापासून तीस दिवसांच्या आत केली पाहिजे. तक्रार झाली सहा महिन्यांनी. एक नियम मोडणाऱ्या मुलाला शासन करताना थोरामोठ्यांनी दुसरा नियम मोडला, आणि त्यांना शासन करणारे कोणी नव्हते. वॉर्नर यांनी आपल्याला बेसबॉलची काही कल्पना नव्हती असे सांगून हात झटकले. शिष्याचा दिनक्रम जाणणाऱ्या गुरूचे हे म्हणणे पुष्कळांना पटले नाही, मलाही पटत नाही.

जिम मग उघडपणे व्यावसायिक झाला. अनेक वर्षे तो बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही खेळला. १९२० साली व्यावसायिक फुटबॉलच्या ज्या संघटनेतून आजची अमेरिकेतील मोठी संघटना उभी राहिली, तिचा तो पहिला अध्यक्ष होता. १९२२ व १९२३ साली तर केवळ मूळ अमेरिकनांचा एक फुटबॉल संघ घेऊन तो खेळला. तथापि घरात सुख थोडेच लाभले; पहिला मुलगा लहानपणीच वारला, संसार दोनदा मोडला, मद्याचे व्यसन जडले. वयाच्या चाळिशीनंतर मैदान सुटले, आणि त्याच सुमारास अमेरिकेवर महामंदी कोसळली. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ज्याची मिरवणूक निघाली होती, त्याने लॉस एंजेलिसमध्ये कुदळ घेऊन चर खणले, चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. १९३२ साली त्याच शहरात ऑलिंपिक भरले तेव्हा तिकिटापुरते पैसे त्याच्यापाशी नव्हते. ही वार्ता फुटल्यावर अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले. कर्टिस यांची आईही मूळ अमेरिकन वंशाची होती. प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले.

१९५० साली अमेरिकन वार्ताहरांनी अर्ध्या शतकातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून थॉर्पची निवड केली. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे, चाकांवरच्या घरात, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. पदके परत द्यावीत ही मागणी तेव्हाही होतच होती. पण १९५२ ते १९७२ या काळात ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज; स्टॉकहोमच्या त्याच पेंटॅथलॉनमध्ये ते सहावे आले होते. त्यांच्या काळात मागणीला यश आले नाही. पुढे अभ्यासकांनी तीस दिवसांचे ते कलम शोधून पुढे मांडले, तेव्हा १९८२ साली समितीने थॉर्पचे नाव पुन्हा विजेत्यांत घातले आणि १९८३ च्या जानेवारीत नव्याने घडविलेली पदके त्याच्या मुलांच्या स्वाधीन केली. मात्र तो संयुक्त विजेता ठरला; जणू ६८८ गुणांचे अंतर कधी नव्हतेच! पूर्ण दुरुस्ती झाली १५ जुलै २०२२ रोजी, त्याने डेकॅथलॉन जिंकल्याला बरोबर ११० वर्षे झाली त्या दिवशी. विस्लँडरच्या कुटुंबीयांनी व स्वीडनच्या ऑलिंपिक समितीने आपण थॉर्पलाच खरा विजेता मानत आलो असे कळविले, नॉर्वेनेही संमती दिली, आणि दोन्ही स्पर्धांत तो एकटा प्रथम ठरला.

केसलापूरला नागोबाच्या जत्रेसाठी मेसराम कुळाची मंडळी कोसन् कोस पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, ते आपण दरवर्षी पाहतो. आपल्या भूमीतील विधी आपल्या माणसांच्या हातून व्हावेत, ही ओढ थॉर्पच्या कुटुंबालाही होती. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने त्याचे अंत्यसंस्कार चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने मृतदेह तेथून हलविला. पेन्सिल्व्हेनियातील मॉच चंक नावाची दोन जोडगावे एक होऊन आपल्याला थॉर्पचे नाव देण्यास आणि त्याचे स्मारक उभारण्यास तयार झाली, आणि तेथे त्याला पुरण्यात आले. त्या गावी तो कधी राहिला नव्हता. त्याच्या मुलांनी वडिलांना जमातीच्या भूमीत परत नेण्यासाठी २०१० पासून न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वरच्याने तो फिरविला, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. थॉर्पची कबर अद्याप त्याच गावी आहे.