चेंडूंचा साधक

एन्रिको रास्तेली याचा जन्म १८९६ साली रशियातील समारा शहरी झाला. त्याचे इटालियन आईबाप सर्कशीत कसरती करीत. एन्रिकोही प्रथम उंचावरच्या कसरती शिकला. परंतु त्याचे मन जडले ते चेंडू झेलण्याच्या कलेवर. एक चेंडू हाती येतो न येतो तोच दुसरा वर उडाला पाहिजे. क्षणभर चित्त ढळले की सारा खेळ फसला! म्हणूनच युरोप-अमेरिकेत कीर्ती पसरल्यावरही त्याने रोजचे तासन्‌तासांचे परिश्रम सोडले नाहीत. एकाच वेळी १० चेंडू तो हवेत खेळवीत असे. रबराचे मोठे चेंडू मस्तकावर उसळवीत असे. १९३१ साली, वयाची पस्तिशीही उलटली नसताना, इटलीतील बेर्गामो येथे तो निवर्तला. तेथे त्याच्या समाधीवर चेंडू तोलणारा त्याचा पुतळा उभारण्यात आला. आयुष्य अल्प लाभले. पण त्यातील बराच काळ त्याने सरावात वेचला.