आनंदीबाई, कोल्हापूरचा थोरला दवाखाना आणि क्षयाची औषधे

कोल्हापुरात तुम्ही ज्याला थोरला दवाखाना म्हणता, त्या सीपीआरचे जुने नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये तिथल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी मूल. ते बाळ दहाच दिवस जगले आणि तिथूनच त्यांच्या मनाने डॉक्टर होण्याचे घेतले. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने त्या अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत तब्येत ढासळत गेली, तरी मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्याच. मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते घेरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. म्हणजे शत्रू माहीत होता, मारायला काही नव्हते. पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ मध्ये. पुढे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन आले.

आज साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतर चार महिने तीन औषधे देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. एकाच औषधावर भागत नाही, कारण लाखो जंतूंमध्ये त्याला न जुमानणारे काही असतातच; दुसरे औषध त्यांना गाठते.

माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण दुसऱ्या महिन्यातच अडखळतात. ताप गेलेला असतो, वजन वाढलेले असते, गोळ्या नकोशा होतात. (लघवी केशरी होते म्हणून घाबरून बंद करणारेही आहेत. तो रिफॅम्पिसिनचा रंग, त्याने काही होत नाही.) पण सुस्त पडलेले जंतू अजून आत असतात. मध्येच थांबलात तर तेच पुन्हा वाढतात, आणि नेहमीच्या औषधांना दाद देतीलच असे नाही. मग उपचार लांबतो, औषधेही जड पडतात.

डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलायची की थांबवायची, ते तपासून ठरवता येते. आणि घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. आधी थुंकी तपासून घ्या.