केडगावच्या रमाबाई

उंब्रजकडील वाचकांपैकी पुण्याहून दौंडच्या गाडीने गेलेल्यांस केडगाव ठाऊक असेल. पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन तेथेच आहे.

ह्या विदुषीचा जन्म 1858 साली झाला. दुष्काळात आईबाप व थोरली बहीण दगावली. उरलेली बहीणभावंडे उपाशीपोटी हजारो मैल पायी हिंडली. निराश्रितपणा बाईंस पोथीतून शिकावा लागला नाही.

1889 च्या मार्चात त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. खर्च अमेरिकेतील हितचिंतकांनी पत्करला होता, परंतु दहाच वर्षांपुरता. पुढे मुलींनी जावे कोठे? म्हणून बाईंनी केडगावास जमीन घेऊन फळझाडे लावली. पुष्कळ संस्थांना हे सुचत नाही.

झाडे वाढतात न वाढतात तोच 1896 चा दुष्काळ आला. मदतीची मुदत सरत आलेली. दुसऱ्या कोणी दार लावून घेतले असते. बाईंस स्वतःची भूक आठवली. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणिल्या. पुण्यात प्लेग, तेव्हा केडगावच्या शेतावरच त्यांची सोय केली. तेथे त्या विणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकल्या. आंधळ्या मुलींस कन्या मनोरमाबाईंनी बोटांनी वाचावयास शिकविले.

1922 च्या एप्रिलात बाई निवर्तल्या. त्यांनी मूळ भाषांतून केलेले मराठी पवित्र शास्त्र तेथल्याच स्त्रियांनी छापिले.