बंद पडलेल्या शाळेचे मास्तर

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता 126

आज सकाळी हे स्तोत्र वाचताना मी रडत रडत बी पेरायला निघालेल्या माणसापाशीच अडकलो. गेल्या वर्षी जागेअभावी आमचा मुलांचा रविवारचा वर्ग बंद पडला. तेव्हापासून खरं सांगायचं तर देवावर माझा रुसवाच आहे. मग मला डॅनियल पेन आठवले.

पेन यांचा जन्म 1811 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात, स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील लहानपणीच गेले. 1829 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी शाळा काढली. दिवसा मुलं यायची, रात्री गुलाम असलेली मोठी माणसं. फी महिन्याला 50 सेंट. शाळा चांगली वाढली.

आणि मग 1835 मध्ये नवा कायदा लागू झाला. कृष्णवर्णीयांनी अशी शाळा चालवणं हाच गुन्हा ठरला. शाळा बंद! देव न्यायी आहे का, मुळात आहे तरी का, या प्रश्नांनी पेन यांना छळलं. मे महिन्यात ते गाव सोडून उत्तरेकडे गेले.

तिथे त्यांनी गेटिसबर्गच्या लुथरन सेमिनरीत शिक्षण घेतलं. पुढे ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये आले आणि 1852 मध्ये बिशप झाले. पाळकांनी शिकलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. काहींना तो आवडत नसे, पण त्यांनी तो सोडला नाही.

यादवी युद्धात ओहायोतलं विल्बरफोर्स विद्यापीठ बंद पडलं होतं. 1863 मध्ये, हाताशी पैसे नसताना, पेन यांनी ते 10,000 डॉलरला आपल्या चर्चसाठी घ्यायचं ठरवलं. ते त्याचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत कॉलेजचं अध्यक्षपद सांभाळणारे पहिले कृष्णवर्णीय. दोनच वर्षांत, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, मुख्य इमारत जळाली. पेन यांनी पुन्हा उभारणी केली. 1876 पर्यंत ते अध्यक्ष राहिले. विद्यापीठ आजही चालू आहे.

पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो 1865 चा मे महिना. बरोबर तीस वर्षांनी पेन चार्ल्सटनला परतले. आता ते बिशप होते, आणि ज्यांना शिकवणं गुन्हा होता ते लोक गुलामीतून मुक्त झाले होते.

तीस वर्षं! मी तर एका वर्षातच रुसून बसलो. पेन यांना ती शाळा परत मिळाली नाही, पण शिकवायचं त्यांनी थांबवलं नाही. या रविवारी मी दोन-तीन मुलांना घरीच बोलावणार आहे.

तुमचं काय बंद पडलंय? आज ते प्रभूपुढे ठेवा. आणि उरलेलं बी पेरायला उठा. आमेन.