बहिणाबाईचं रान

मन थकलं की झाडांत जाऊन बसा, असं हल्ली डॉक्टरही सांगतात. जपानमध्ये १९८२ सालापासून सरकारच लोकांना जंगलात निवांत फिरायला सांगतंय. अमेरिकेत एका संशोधकानं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या आणि १९८४ साली त्याचा निष्कर्ष छापला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना दुखण्यावरची जोरदार औषधंही कमी लागली. हे वाचलं आणि मैत्रिणींनो, मला आठवली ती खानदेशातली बहिणाबाई. तिला हे कुणी सांगितलं असतं तर हातातलं खुरपं न थांबवता ती नुसती हसली असती, असं मला आपलं वाटतं.

२४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या असोदे गावात, महाजनांच्या घरी ती जन्मली. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहिता-वाचता कधीच आलं नाही. घर शेतीवाल्यांचं, म्हणजे कामाला तोटा नाही. आणि तिसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात काशी, ओंकार आणि सोपान. पुढे ओंकारला प्लेगनं गाठलं. तो वाचला, पण कायमचा अधू झाला. त्यात वाटण्या, भाऊबंदकी होतीच.

त्या काळात विधवा बाईला दुःख करायलाही जागा नसायची. घरात रडावं तर पोरं बघतात, दारात रडावं तर गाव बघतं. शेत मात्र मोकळं. बहिणाबाई रोज शेतात जायची आणि तिथं तिची नजर कायम कशावर तरी खिळलेली असायची. पेरलेलं बी जमिनीतून वर कसं येतं, वडाला लाल फळं कशी धरतात, खळ्यावर वारा कसा लागतो. पाहिलेलं सगळं जात्यावर बसलं की गाणं होऊन बाहेर पडायचं. नवरा गेल्यावर तिनं ज्योतिष्याला उद्देशून रचलेलं गाणं आहे, माझ्या दारात येऊ नकोस म्हणून सांगणारं. माझं नशीब मला कळलंय, आता तू काय सांगणार, असा त्याचा एकूण सूर. मला ते गाणं रडकं वाटत नाही. पायाखाली माती घट्ट असलेल्या बाईचं वाटतं.

सुगरणीच्या खोप्यावरचं तिचं गाणं तर आपण शाळेतच पाठ केलं. खरं तर तो खोपा नर विणतो. मादी येऊन पारखते आणि पसंत पडला तरच संसार मांडते! पण पिल्लांसाठी झाडाला जीव टांगणारी ती इवलीशी पाखरीण बहिणाबाईला आपली वाटली, यात नवल काय? तीन लेकरं एकटीनं वाढवायची होती तिला.

आमच्या बीड जिल्ह्यात अशा बाया गावोगाव आहेत. कर्जापायी नवरा गेला आणि महिना-दीड महिन्यात बाई पुन्हा शेतात. पाटोद्याकडच्या एकीनं मला सांगितलं होतं, की घरात भिंतींकडे बघून जीव घाबरा होतो, तुरीत शिरलं की श्वास लागतो. औषध म्हणून नव्हतं सांगितलं तिनं, सहज बोलता बोलता निघालं.

पण हिरवळ दिसली की बाई बरी झाली, असं मी म्हणणार नाही. आमच्याच बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडात जातात. सहा-सहा महिने चहूकडे हिरवा ऊस, पण त्यातली एक तरी बाई तिथं विसाव्याला गेलीय का? उचल घेतलेली, मुकादम डोक्यावर, खाडा झाला की पैसे कापले जाणार. त्यापायी कितीतरी बायांनी गर्भाशयच काढून टाकलं. २०१९ साली ते उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बहिणाबाईलाही कष्ट चुकले नव्हते, पण रान घरचं होतं. वडाकडे क्षणभर मान वर करून बघितलं म्हणून तिचा खाडा कुणी मांडत नव्हतं. मला हा फरक फार मोठा वाटतो. ‘निसर्गात जा’ असं बाईला सांगणाऱ्यानं आधी तिला तेवढा वेळ द्यायला हवा ना!

तिची गाणी हवेतच विरायची, पण थोरल्या झालेल्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं त्यातली जमतील तेवढी कागदावर उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेली. तिच्या माघारी सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. स्वतः कवी असलेल्या मुलाला आईची गाणी दाखवायचा संकोच वाटत होता म्हणे. अत्रे मात्र थक्कच झाले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. जळगावच्या जुन्या गावात चौधरी वाडा आहे, तिथं तिच्या वापरातल्या वस्तू आजही जपून ठेवलेल्या आहेत. बीडहून जाणं लांब पडतं खरं, पण कधी अजिंठ्याला गेलात तर पुढं जळगावपर्यंत जाऊन या.