केसाच्या जाडीत चाळीस रेघा

बँकेत असताना एका पैशाच्या फरकासाठी मी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत खातेवह्या धुंडाळल्या आहेत. घरची माणसे हसत. हेन्री रोलँड हसला नसता!

अमेरिकेतल्या होन्सडेल गावी १८४८ मध्ये धर्मोपदेशकांच्या घराण्यात जन्मलेल्या या मुलाला वेड यंत्रांचे. तो इंजिनिअर झाला. चुंबकत्वावरचा त्याचा निबंध मायदेशात नाकारला गेला, तेव्हा त्याने तो थेट इंग्लंडला मॅक्सवेलकडे धाडला आणि १८७३ मध्ये तिथे तो छापूनही आला. पुढे १८७६ पासून तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक होता.

सीडी तिरकी धरली की तिच्यावर रंग उमटतात. चकचकीत धातूवर हिऱ्याच्या कणीने अगदी जवळजवळ रेघा ओढल्या की प्रकाश असाच फुटतो. हे झाले ग्रेटिंग. रोलँड एका इंचात चौदा हजारांवर रेघा ओढी, म्हणजे केसाच्या जाडीत साधारण चाळीस! दर रेघेनंतर पट्टी नेमकी तेवढीच सरकली पाहिजे. ती सरकवणार स्क्रू, आणि निर्दोष स्क्रू जगात कुठला? दर फेऱ्याला तीच चूक पुन्हा होते आणि वर्णपटात नसलेल्या रेषा दिसू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना चक्क भुते म्हणतात.

रोलँडने उभा चिरलेला लांब नट स्क्रूवर चढवला, तेल आणि एमरीची पूड घातली आणि तो घासत राहिला. नट उलटसुलट फिरवायचा, म्हणजे एका जागेची चूक दुसरी जागा झिजवते. उष्णतेने धातू फुगू नये म्हणून हे सारे पाण्याखाली. ती ग्रेटिंगे त्याने जगभरच्या शास्त्रज्ञांना जवळपास खर्चाच्या किमतीत दिली. बँकवाल्याला हे जरा खटकतेच.

१८९० मध्ये लग्न झाले आणि त्याच सुमारास मधुमेह कळला. तेव्हा त्यावर औषध नव्हते. इन्सुलिन आले १९२२ मध्ये. बायकामुलांच्या सोयीसाठी हा माणूस एकाच तारेवरून अनेक संदेश धाडणारे यंत्र रचत बसला. १९०१ मध्ये, बावन्नाव्या वर्षी तो गेला.

आज तेच काम उलट्या बाजूने चालते. कारखान्यातल्या यंत्राचा सरकता भाग किती सरकला हे ग्रेटिंगच सांगते. एक ग्रेटिंग दुसऱ्यावरून सरकले की उजेड-अंधाराचे पट्टे सरकतात, ते मोजायचे. ज्या रेघांसाठी रोलँड अचूक सरकणे शोधत होता, त्या रेघाच आता सरकण्याचा हिशेब ठेवतात.

त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा तळघरात, त्या रेघा ओढणाऱ्या यंत्राजवळच्या भिंतीत ठेवली गेली.