विश्लेषण : वसईत जन्मलेल्या संताला जपानमध्ये क्रुसावर का चढवले? कोण होते गोन्सालो गार्सिया?

भारतातील पहिले कॅथलिक संत कोण, असे विचारले की अनेक जण केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांचे नाव घेतात. त्यांना २००८ मध्ये संतपद मिळाले. मात्र, त्याच्या १४६ वर्षे आधी वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया संत म्हणून जाहीर झाले होते. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघातले साधे धर्मबंधू होते. त्यांचे खरे बळ होते जपानी भाषा. तिनेच त्यांना मान मिळवून दिला आणि तीच त्यांना मृत्यूपर्यंत घेऊन गेली.

वसईतून जपानला कसे पोहोचले?

वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. तिथेच १५५७च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई भारतीय. शिक्षण किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंकडे झाले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्यासोबतच ते जपानला गेले. तिथे धर्मशिक्षण देताना त्यांनी जपानी इतकी आत्मसात केली, की स्थानिकांशी ते सहज बोलू लागले.

जेझुइट संघात दाखल होण्याची त्यांची इच्छा होती. अनेक वर्षे सेवा करूनही ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन त्यांनी व्यापाराची वाट धरली. धंद्यात जम बसला, पण मन रमले नाही. पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. या संघाने त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले.

दुभाषाचे काम महत्त्वाचे का होते?

त्या काळी जपानमध्ये दोन युरोपीय सत्तांची चढाओढ सुरू होती. जेझुइट धर्मगुरू पोर्तुगिजांच्या मकावमार्गे येत, तर फ्रान्सिस्कन स्पेनच्या ताब्यातील मनिलातून. जपानचे सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी मात्र ढिली होती. व्यापार त्यांना हवाच होता.

अशा वेळी १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना राजदूत म्हणून जपानला पाठवले. सोबत दुभाषे होते गोन्सालो. हिदेयोशींसमोर स्पॅनिश पथकाची बाजू त्यांच्याच तोंडून मांडली गेली. फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी मिळाली. क्योटोत चर्च उभे राहिले आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालयही.

एका जहाजाने चित्र कसे बदलले?

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सॅन फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरचा मौल्यवान माल जप्त झाला. स्पेन आधी धर्मप्रसारक पाठवते आणि मागून सैन्य, अशा आशयाचे बोलणे जहाजावरील एका अधिकाऱ्याने केल्याचे सांगितले जाते. हे बोलणे नेमके काय होते, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण हिदेयोशींचा संशय बळावला आणि फ्रान्सिस्कनांना अटक झाली.

नागासाकीत काय घडले?

क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. सुमारे महिनाभराच्या या प्रवासाला २४ जण निघाले होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत २० जपानी होते. उरलेल्या सहा फ्रान्सिस्कनांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचे आणि एक वसईचे. सर्वांत लहान मुलगा अवघ्या १२ वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसाला बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. सैन्य, तोफा, व्यापारी सवलती यांतले काहीही त्यांच्या हाती नव्हते. ते फक्त एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवत होते. दोन सत्तांमधला विश्वास तुटला, तेव्हा मधला माणूसही वाचला नाही.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

१६२७ मध्ये त्यांना ‘धन्य’ हा दर्जा मिळाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना संत घोषित केले. या दोन घटनांच्या मधल्या काळात वसईही बदलली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगिजांची सत्ता गेली.

गोन्सालोंचे नाव मात्र राहिले. किल्ल्यातील जुने जेझुइट चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही, त्याच संघाचे ते चर्च. गास गावातील चर्चला आणि वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. नागासाकीत निशिझाका टेकडीवर १९६२ पासून २६ जणांचे स्मारक उभे आहे. जपानला जाणारे पर्यटक ते आवर्जून पाहतात. त्या रांगेतील एक जण आपल्या वसईचा आहे, हे आता लक्षात ठेवायला हवे.